धूर गेला, गल्ला गेला का?

सेकंड इयरला असताना आमच्या ग्रुपचा एक ठरलेला अड्डा होता. कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आणि त्याच्या शेजारून वर जाणारा अरुंद जिना. वर गाद्या-लोड, निळे लाइट, छाती धडधडेल एवढं म्युझिक आणि प्रत्येक टेबलावर हुक्का. सहा जणांत एक पॉट, दोन चीज मॅगी आणि शेवटी पैसे काढताना होणारी भांडणं. आमच्यातली एक मैत्रीण तिथे दोन-तीनदा आली आणि मग यायची बंदच झाली. कधी जर्नल पूर्ण करायचं असायचं, कधी घरी मावशी येणार असायची. आम्ही तिला 'घरकोंबडी' म्हणून पार पिडून काढलं होतं.

फेअरवेलच्या दिवशी ती सहज बोलून गेली. तिला लहानपणापासून दमा आहे. पहिल्यांदा त्या जिन्यावरून उतरल्यावर तिने रिक्षात बसून दोन वेळा पंप ओढला होता. "मग तेव्हा सांगितलं का नाहीस?" आम्ही विचारलं. तर म्हणाली, "तुम्ही पाच जण होतात ना."

त्या जागेच्या मालकाच्या हिशेबात आम्ही पाच गिऱ्हाइकं होतो. सहावी त्याच्या वहीत कधी आलीच नाही. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी येणार म्हटलं की जगभरातले हॉटेलवाले एकच ओरड करतात, 'धंदा बसणार!' त्या ओरडीत हीच गोची आहे. सिगारेट पेटवणारा गिऱ्हाईक डोळ्यांसमोर असतो. त्याने जागा बदलली तर जाणवतं. पण धुरामुळे जो कधी आलाच नाही, बायको-मुलांना घेऊन दारातूनच मागे फिरला, मित्रांना 'जर्नल आहे' असं सांगून घरी बसला, तो गल्ल्यावर बसलेल्या माणसाला दिसणार कसा?

आता मात्र या विषयात नुसत्या अंदाजावर भांडायची गरज उरलेली नाही. इतक्या शहरांनी आणि देशांनी बंदी घातली आहे की सरळ हिशेब काढून बघता येतो. आणि हिशेब काढायला बसलं की सुरुवातीलाच एक भन्नाट किस्सा हाती लागतो.

३० टक्क्यांची दंतकथा

अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं बेव्हर्ली हिल्स. सिनेमावाल्यांचं, श्रीमंतांचं गाव. १९८७ साली तिथल्या नगर परिषदेने रेस्टॉरंटमध्ये सिगारेट ओढायला बंदी घातली. लगेच 'बेव्हर्ली हिल्स रेस्टॉरंट असोसिएशन' नावाची संघटना उभी राहिली आणि तिने सांगायला सुरुवात केली की आमचा धंदा ३० टक्क्यांनी पडला. परिषद घाबरली. जेमतेम चार महिन्यांत नियम सैल करून टाकला.

नंतर विक्रीकराचे आकडे आले. रेस्टॉरंट किती कर भरतं यावरून त्याची विक्री कळते आणि कर काही कुणी हौसेने जास्त भरत नाही. त्या आकड्यांत ३० टक्क्यांची घट कुठेच नव्हती. पण तोवर 'बेव्हर्ली हिल्समध्ये ३० टक्के धंदा बुडाला' हे वाक्य गावोगावी पोहोचलं होतं. कुठल्याही शहरात बंदीची चर्चा निघाली की कुणीतरी हा आकडा टेबलावर आपटायचाच.

खरा ट्विस्ट १९९४ मधला. न्यूयॉर्कमध्ये अशाच कायद्याची चर्चा चालू होती. तेव्हा त्या बेव्हर्ली हिल्स संघटनेचा अध्यक्ष राहिलेल्या बॅरी फोगेलनेच न्यूयॉर्कच्या नगर परिषदेला पत्र लिहून कळवलं की बंदी येण्यापूर्वी आमची संघटना अस्तित्वातच नव्हती. तिची जुळवाजुळव तंबाखू कंपन्यांनी केली होती. म्हणजे ओरड रेस्टॉरंटवाल्यांच्या तोंडून येत होती आणि स्क्रिप्ट दुसऱ्याच कुणाची होती.

हा एकच किस्सा असता तर मी तो गंमत म्हणून सोडून दिला असता. पण २००३ मध्ये 'टोबॅको कंट्रोल' या वैद्यकीय नियतकालिकात मिशेल स्कोलो आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचे ९७ अभ्यास एकत्र तपासले. करभरणा, नोकऱ्यांची नोंद असा ठोस डेटा वापरून नीट केलेल्या अभ्यासांत बंदीमुळे तोटा दिसलाच नाही. काही ठिकाणी फरक शून्य होता, काही ठिकाणी थोडा फायदा. तोटा झाला म्हणणारे अभ्यास मात्र बहुतेक 'तुम्हाला काय वाटतं, धंदा कमी झाला का?' असं मालकांना विचारून केलेले. आणि त्यांच्यामागे पैसा कुणाचा, हे शोधायला गेलं की वाट पुन्हा पुन्हा तंबाखू उद्योगाच्याच दारात जात होती.

पर्यटनाचंही तसंच. १९९९ मध्ये ग्लांट्झ आणि चार्ल्सवर्थ या संशोधकांनी अमेरिकेतली तीन राज्यं आणि सहा शहरं घेऊन बंदीच्या आधीचं आणि नंतरचं हॉटेलांचं उत्पन्न तपासलं. तेव्हा म्हटलं जायचं की जपानी आणि युरोपियन पर्यटक भरपूर सिगारेट ओढतात, ते दुसरीकडे जातील. ते कुठेही गेले नाहीत. आपलंच बघा ना. ट्रिप ठरवताना आपण बीच बघतो, बजेट बघतो, घरच्यांना काय थाप मारायची ते बघतो. 'तिथल्या कॅफेत आत बसून सिगारेट ओढता येते का?' यावर आख्खी ट्रिप रद्द झाल्याचं तुम्ही ऐकलंय कधी?

न्यूयॉर्कने २००३ च्या मार्चअखेर बारसकट सगळीकडे बंदी आणली. वर्षभराने शहराने जाहीर केलं की बार आणि रेस्टॉरंटकडून येणारा कर ८.७ टक्क्यांनी वाढला आणि त्या क्षेत्रात १०,६०० नोकऱ्या वाढल्या. आकडा भारी आहे, पण मला तो पूर्ण पचत नाही. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आधी पार बसलेलं शहर त्या काळात पुन्हा उठत होतं. त्यामुळे वाढीचं सगळं श्रेय बंदीला देणं म्हणजे पाऊस पडला म्हणून छत्रीवाल्याचे आभार मानण्यासारखं आहे. एवढंच म्हणता येईल की ज्या बंदीने बार बुडणार होते, त्या बंदीनंतर बार बुडाले नाहीत.

पबच्या देशात

खरी परीक्षा झाली ती आयर्लंडमध्ये. कारण तिथे पब ही नुसती दारू प्यायची जागा नाही. गप्पा, गाणी, फुटबॉल, मयतानंतरची बैठक, सगळं तिथेच. आयर्लंडला जाणारा पर्यटक डब्लिनच्या पबमध्ये बसल्याशिवाय परत येत नाही. अशा देशाने २९ मार्च २००४ पासून पबसकट सगळ्या कामाच्या जागांवर धूम्रपानबंदी केली. देशभर एवढी कडक बंदी घालणारा जगातला तो पहिला देश. तेव्हाचे आरोग्यमंत्री मीहॉल मार्टिन (हेच पुढे पंतप्रधान झाले) यांच्यावर पबवाल्यांनी आगपाखड केली. पर्यटक तोंड फिरवतील, हजारो नोकऱ्या जातील, असं सांगितलं गेलं.

पर्यटक आले. २००४ मध्येही वाढले आणि त्यानंतरच्या वर्षीही. पबच्या बाहेर हीटर लागले, मागच्या अंगणात बाकं आली आणि सिगारेट ओढायला बाहेर उभ्या असलेल्या अनोळखी लोकांची ओळख होऊन पुढे जे काही जुळायचं, त्याला नावही आहे : 'स्मर्टिंग'. स्मोकिंग अधिक फ्लर्टिंग!

पबमधली विक्री मात्र खाली आली, हे खरं आहे. पण ती बंदीच्या आधीपासूनच खाली येत होती. सुपरमार्केटमध्ये दारू स्वस्त मिळायला लागली होती, दारू पिऊन गाडी चालवण्याबाबत कायदा कडक होत गेला आणि २००८ नंतर तर मंदीच आली. खेडेगावांतले बरेच पब बंद पडले. संध्याकाळी एक ग्लास आणि दोन सिगारेटवर तीन तास काढणारे म्हातारे जिथे दोन-चारच गिऱ्हाइकं होते, तिथे बंदीचाही थोडा हात असणार. तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण आयर्लंडची मला सगळ्यात पटलेली गोष्ट वेगळी आहे. त्यांनी हा कायदा गिऱ्हाइकासाठी केलाच नव्हता. तो कामगारांसाठी होता. गिऱ्हाईक दोन तास बसून निघून जातं. बारमागे उभा असलेला पोरगा आठ-दहा तास तीच हवा घेतो, आठवड्याचे सहा दिवस. पुढे डब्लिनमधल्या ४२ पबची हवा बंदीच्या आधी आणि नंतर मोजली गेली. फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण ८३ टक्क्यांनी कमी झाले होते. बारमध्ये काम करणाऱ्यांच्या श्वासातला कार्बन मोनॉक्साइडही उतरला होता.

कॅनडातल्या ओटावाच्या हेदर क्रोची गोष्ट याच्याच आसपासची. चाळीसहून अधिक वर्षं वेट्रेसचं काम. आयुष्यात सिगारेट ओढली नाही. २००२ मध्ये तिला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. गिऱ्हाइकांच्या धुरामुळे झालेला, म्हणजे कामामुळे झालेला आजार म्हणून तिने भरपाईचा दावा केला आणि तो मान्यही झाला. मग उरलेल्या दिवसांत ती देशभर फिरून कामाच्या जागा धूरमुक्त करा म्हणून सांगत राहिली. २००६ मध्ये ती गेली.

हे वाचताना मला आमच्या त्या अड्ड्यावरचा पोरगा आठवला. आमच्याच वयाचा असेल, कदाचित लहानच. हुक्क्यातले निखारे बदलायचं काम त्याचं. पॉट नीट ओढला जातोय का, हे बघायला तो प्रत्येक टेबलावर आधी स्वतः दोन झुरके घ्यायचा. एका संध्याकाळी किती टेबलं? आम्ही त्याला 'भाई, कोळसा' यापलीकडे कधी काही विचारलं नाही. तुमच्यातले जे हॉटेल मॅनेजमेंट करतायत किंवा सुट्टीत कॅफेत पार्टटाइम काम करतात, त्यांनी इथे थोडं थांबून स्वतःची शिफ्ट आठवावी.

आपल्याकडे काय झालं?

आपल्याकडची गोष्ट मुंबईतूनच सुरू होते. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये हॉस्पिटल, शाळा-कॉलेजं, ग्रंथालयं, सरकारी कचेऱ्या, बस-रेल्वे इथल्या धूम्रपानावर बंदी घातली. २००३ मध्ये 'कोटपा' हा केंद्राचा कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून हॉटेलं, बार, मॉल, ऑफिसं सगळीकडे नवे नियम लागू झाले. त्याआधी हॉटेल व्यवसाय आणि सिगारेट उद्योग कोर्टात धावले होतेच. स्थगिती मिळाली नाही.

तेव्हा चॅनेलांवर 'बार ओस पडणार' अशी चर्चा झाली होती, असं सीनियर लोक सांगतात. त्यानंतर आपल्या शहरांत बार, पब, ब्रुअरी आणि कॅफे किती उगवले, हे मी सांगायची गरज नाही. शनिवारी रात्री वेटिंग किती असतं ते तुम्हीच सांगा.

आता गोव्याकडे या. गोव्याने केंद्राच्याही आधी, १९९७ मध्येच, धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदी घालणारा स्वतःचा कायदा केला होता. २००८ मध्ये वर्षाला पंचवीस लाखांपेक्षा कमी पर्यटक गोव्यात येत होते. २०१९ मध्ये हा आकडा ऐंशी लाखांवर गेला. पण हे बंदीचं यश म्हणून मिरवू नका हं! स्वस्त विमानं, 'दिल चाहता है'पासून चढलेलं गोव्याचं वेड, असं बरंच काही त्यात आहे. शिवाय शॅकमध्ये सिगारेट पेटवणाऱ्याला कुणी हटकलंय, असं मी तरी पाहिलेलं नाही. कागदावरच्या बंदीने धंदा बुडत नाही, तसा कुणाचा दमाही बरा होत नाही.

त्यापेक्षा थायलंड बघा, सध्या सगळ्यांच्या बकेट लिस्टमध्ये आहेच. थोटकांनी किनारे भरले म्हणून २०१८ च्या फेब्रुवारीत त्यांनी फुकेत, पट्टाया वगैरे ठिकाणच्या २४ बीचवर सिगारेट बंद केली. दंड एक लाख बातपर्यंत किंवा वर्षभराची कैद. ओढायची तर वाळू सोडून ठरवून दिलेल्या जागी जाऊन ओढा. त्याच्या आदल्या वर्षी देशात साडेतीन कोटींच्या आसपास परदेशी पर्यटक आले होते, बंदीच्या वर्षी ३ कोटी ८० लाखांच्या आसपास आले.

आपल्या कायद्यात एक पळवाट आहे. तीस किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, तीस किंवा जास्त सीटचं रेस्टॉरंट आणि विमानतळ इथे वेगळी स्मोकिंग रूम करता येते. नियम कडक आहेत. पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप बंद होणारं दार, धूर थेट बाहेर फेकणारी यंत्रणा. आणि त्या खोलीत सिगारेट सोडून दुसरं काहीही करायचं नाही, खाणंपिणं सर्व्ह करायचं नाही. आता तुमच्या ओळखीचा बार डोळ्यांसमोर आणा. दार उघडंच असतं आणि आत बिअरचे मग चाललेले असतात. पकडलं तर कायद्याने जास्तीत जास्त २०० रुपये दंड. एका पिंटपेक्षा कमी!

हुक्का पार्लरवाले याच स्मोकिंग रूमच्या आधारावर चालले होते. मुंबई महापालिकेने हुक्क्याला मनाई केली, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर २०१४ मध्ये जिंकलेही. मग २९ डिसेंबर २०१७ ची रात्र आली. लोअर परळच्या कमला मिल कम्पाउंडमधल्या दोन गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागून १४ जण गेले. बहुतेक तरुण. चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्याच्या ठिणगीवर बोट ठेवलं गेलं. २०१८ मध्ये महाराष्ट्राने हुक्का पार्लरवर बंदीच आणली. इथे मात्र 'धंदा बसला' हे खरं आहे. ज्यांचा धंदाच धुरावर उभा होता, त्यांचा बसला. चोरून चालणाऱ्या पार्लरवरच्या धाडींच्या बातम्या अजून येतात, तो भाग वेगळा.

सगळ्यात गप्प बसलेला माणूस

या सगळ्या आकडेवारीत एक माणूस कुठेच नाही. आपला टपरीवाला. मोठ्या हॉटेलांना वकील असतात, संघटना असतात. टपरीवाल्याकडे एक स्टोव्ह, एक पातेलं आणि दोरीला बांधलेला लायटर.

कायदा सांगतो, शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांत तंबाखूचे पदार्थ विकायचे नाहीत. १०० यार्ड म्हणजे नव्वद-एक मीटर. तुमच्या कॉलेजच्या गेटपासून चालत मोजा, साधारण सव्वाशे पावलं. किती टपऱ्या लागतात? त्यात सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रात सुटी सिगारेट आणि बिडी विकायलाही बंदी आहे. पाकिटावर किंमत छापलेली, त्यात सुटणारा नफा थोडा. सुट्टी विकली की वरचा रुपया-दोन रुपया सुटतो. शिवाय सिगारेट ओढणारा तिथेच उभा राहतो, कटिंग मागवतो, अजून एक मागवतो. त्यामुळे बंदीचा खरा फटका बसलाच तर इथे बसतो. पोलिसांची गाडी आली की हप्ता, सामान जप्त, दोन दिवस टपरी बंद, हेही इथेच.

बंदीच्या विरोधात बोलताना कंपन्या या गरीब टपरीवाल्याचं नाव पटकन पुढे करतात. बेव्हर्ली हिल्सची गोष्ट माहीत असल्यामुळे मला तिथे शंका येतेच. पण बंदीच्या बाजूचे लोकही त्याचं नाव घेत नाहीत, हेही तितकंच खरं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असायला हवी, तिने विक्रेत्यांना जागा ठरवून द्यायला हव्यात. मग गेटजवळून हटवलेल्या टपरीला त्या समितीने जागा द्यावी, पानाच्या दुकानाला चहा-नाश्त्याचा परवाना सहज मिळावा, एवढं तरी व्हायला काय हरकत आहे? दुसऱ्याच्या फुप्फुसाचा हिशेब करताना त्याच्या पोटाचा हिशेब सोडून द्यायचा, हे मला पटत नाही.

मागच्या महिन्यात आमचा ग्रुप बऱ्याच दिवसांनी भेटला. जुन्या अड्ड्याच्या जागी आता मोमो आणि कोल्ड कॉफी मिळते. जिना तोच, लाइट पांढरे. ती मैत्रीणही वर आली. पहिल्या पायरीवर क्षणभर थांबली, नाकाने अंदाज घेतला आणि मग चढली. पैसे काढताना सहाही जण भांडलो.

नंतर खाली टपरीवर चहा झाला. मामांनी बरण्या वाढवल्यात. खारी, नानखटाई, क्रीमरोल. आम्ही चहा पीत असताना फर्स्ट इयरचा वाटावा असा एक पोरगा आला आणि हळूच म्हणाला, "मामा, एक सुट्टी." मामांनी कॉलेजच्या गेटकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि गाळणी आपटत म्हणाले, "चहा घे आधी."